पितळी गुंडाचं वय

अड्याळच्या कवडू गभण्यांच्या घरी पाणी भरायचा एक पितळी गुंड होता. दिसायला चारचौघांसारखाच. गळा बारीक, पोट मोठं, बुडाशी दोन-चार पोचे. पण त्याच्या गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : ‘राघो गभणे, शके १७४०’. या एका ओळीच्या जिवावर कवडूनं सारी हयात मिरवून घेतली, असं म्हटलं तर त्याला राग येईल. येऊ द्या. राग आला म्हणून गोष्ट खोटी होत नाही.

गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की हळदीच्या पाण्याला हाच गुंड न्यायचा, असा रिवाज पडला होता. रिवाज पाडला होता खुद्द कवडूनंच, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लोक ते विसरले. गुंड काही एकटा जात नसे. सोबत कवडू जाई, धुतलेलं धोतर नेसून, आणि मांडवात अगदी पुढच्या खुर्चीवर बसे. मग नव्या पाहुण्यानं नुसतं ‘भांडं जुनं दिसते’ एवढं म्हणायचा अवकाश, की कथा सुरू. राघो गभण्यांना हा गुंड भोसल्यांच्या एका सरदारानं बक्षीस दिला. बुडाचे पोचे आहेत ते गोऱ्या पलटणीच्या गोळ्यांचे. आणि खांद्यावर हाताच्या पंजाएवढी जागा झिजून पातळ झाली आहे, ती पेंढाऱ्यानं मारलेल्या तलवारीची. तलवारीनं भांडं चिरतं, झिजत नाही, हे कळण्याइतकी अक्कल अड्याळच्या लोकांना होती. पण पोटात वडा-भात गेलेला असताना वाद घालायला कोण बसतो? ऐकून घेत बिचारे.

कवडूची बायको शकुबाई त्या वेळी बायकांमध्ये बसलेली असे. ही कथा तिनं शेकड्यानं ऐकली होती. ती कधी ‘हो’ म्हणाली नाही आणि कधी ‘नाही’ म्हणाली नाही. कवडूला तेवढं पुरत होतं.

आणि मग गुड्डीला जर्मनीत नोकरी लागली.

गुड्डी म्हणजे कवडूची नात, त्याच्या मुलाची, धनंजयची पोरगी. नागपूरला नर्सिंग शिकली, दोन वर्षं जर्मन भाषेची घोकंपट्टी केली आणि तिथल्या एका इस्पितळाचं पत्र हातात घेऊन घरी आली. जायला वीस दिवस होते. धानाची कापणी संपत आलेली, अंगणात भारे पडलेले, आणि छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, गुड्डीची उघडी बॅग. घरातला जो तो तिच्यात काही ना काही आणून टाकत होता आणि गुड्डी ते परत काढून ठेवत होती.

त्या दिवशी धनंजय आणि त्याची बायको भंडाऱ्याला बाजारहाट करायला गेले होते. छपरीत कवडू होता, गुड्डी होती, सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली शकुबाई होती, आणि रोजच्यासारखे जागेश्वर गुरुजी होते. गुरुजी शेजारी राहत, शाळेतून निवृत्त झालेले. कवडूचे जिवाभावाचे मित्र, म्हणजे कवडूचं कुठं चुकतं यावर त्यांचं बारीक लक्ष असे.

“आबाजी,” गुड्डी म्हणाली, “मले एक वस्तू पाहिजे. द्याल ना?”

“माग ना बाई. का पाहिजे तुले?”

“गुंड.”

कवडूची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण ताणलं गेलं. शकुबाईचा सुपातला हात मात्र घडीभर थांबला.

“तिकडं नळ नाईत का वो?” तिनं विचारलं.

“पाण्यासाठी नाई, आजी. खिडकीत ठेवीन. तिकडं आमच्या होस्टेलात केरळच्या पोरी हायेत, नेपाळच्या हायेत, सगळ्या घरचं काही ना काही घेऊन जाऊन राहिल्या. मी सांगीन, हा आमच्या घरचा, पाच पिढ्यांचा.”

‘पाच पिढ्यांचा’ हे ऐकून कवडूच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. जर्मनीच्या खिडकीत राघो गभणे! त्यानं स्वतः उठून गुंड आणला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि नातीच्या मांडीवर ठेवला. पुढं काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पना असती, तर तो त्या क्षणी गुंडासकट मागच्या दारानं पळाला असता.

कारण गुड्डीनं मोबाइल काढला. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीनं तिला एक लांबलचक यादी पाठवली होती, काय नेता येतं आणि काय नाही याची. ती मोठ्यानं वाचायला लागली.

“तूप नेता येत नाई. खोवा, पेढे, दुधाचं काहीच नाई.”

“तूप खाऊन तिकडची मानसं मरतेत का?” शकुबाई म्हणाली. तिनं दोन किलो कढवून ठेवलं होतं.

“मटनाचं लोणचं नाई. तिखट चालते. हे झालं तिकडच्या कस्टमचं. आता आपल्याच देशातून बाहेर काय नेता येत नाई ते...” गुड्डी वाचता वाचता थांबली. पुन्हा तीच ओळ वाचली. “शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाई. भांडी, मूर्ती, काहीच नाई. कायदाच हाये.”

सगळ्यात आधी कवडूनं काय करावं? त्यानं मांडीवर थाप मारली आणि गुरुजींकडं पाहिलं.

“पाहा, गुरुजी! सरकारलेई मालूम हाये, जुन्या वस्तूची किंमत का असते ते.”

“मालूम हाये ना,” गुरुजी म्हणाले. “म्हनूनच तुहा गुंड जात नाई आता.”

ही गोष्ट कवडूच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरली तेव्हा त्यानं आधी गुड्डीकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. लहानपणी गुळाचा खडा हातातून मातीत पडला की जसा उतरायचा, अगदी तसा. मग कवडू कामाला लागला. साऱ्या आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते त्यानं करून पाहिलं. गुंडाचं वय कमी करायला घेतलं.

“अवो, ते शके लिवलं हाये,” तो म्हणाला. “शकात अन् सनात फरक रायते.”

“रायते ना. अठ्ठ्याहत्तरचा.” गुरुजींचं गणित पहिल्यापासून चांगलं. “म्हनजे सन अठराशे अठरा. दोनशे सात वर्षं झाली.”

“मंग कोरनाऱ्याची चूक झाली असन. सतराशेच्या जागी अठराशे चाळीस असन.”

“तरीई एकशे सात भरते.”

“अठराशे पन्नास?”

“सत्त्यान्नव. हं, आता बसते कायद्यात,” गुरुजी म्हणाले आणि मांडी बदलून आरामात बसले. “पन मंग मले एक सांग कवडू, सन एकोनीसशे अठ्ठावीसमंदी पेंढारी कोठून आले गा? अन् भोसल्यांचा सरदार?”

कवडू धोतराचा सोगा झटकत बसला. गुरुजींना वाईट वाटलं असं म्हणवत नाही. प्रत्येक लग्नात मागच्या खुर्चीवर बसून त्यांनी ही कथा ऐकली होती, आणि माणसाच्या सोसण्यालाही मर्यादा असते.

गुड्डी मात्र अजून मोबाइलमध्ये डोकं घालून होती. “एक रस्ता हाये,” ती म्हणाली. “वस्तू तेवढी जुनी नाई, असा दाखला भेटते. नागपूरच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, फोटो द्यायचा. वस्तू घेऊन जायची. तिथले जाणकार पाहून सांगतात, किती वर्षांची ते.”

“पाहून सांगतेत?” कवडूनं विचारलं.

“हो. त्यांले धातू पाहूनच कळते म्हणे. पण आबाजी, आपला तं दोनशे वर्षांचाच हाये. दाखला कसा भेटन? उगाच नेला अन् जप्त केला तं?” तिनं गुंडाच्या गळ्यावरून बोट फिरवलं. “राहू द्या. मी एखादा फोटो घेऊन जाईन.”

ती उठली. गुंड उचलला आणि आत जाऊन त्याच्या जागेवर ठेवून आली. बाहेर आली ती बॅगेत कपडे भरत बसली, एकेक घडी नीट दाबून, कुणाकडं न पाहता.

आता खरं म्हणजे कवडू सुटला होता. पोरीनंच ‘राहू द्या’ म्हटलं. नागपूर नको, जाणकार नकोत. पुढच्याच महिन्यात गुरुजींच्या पुतणीचं, रिताचं लग्न होतं. गुंड तिथं जाईल, कवडू पुढच्या खुर्चीवर बसेल, आणि आता तर कथेला वरून सरकारी कायद्याची फोडणी. ‘हा गुंड देशाबाहेर नेऊ देत नाईत’ म्हटल्यावर मांडव कसा चिडीचूप होईल! फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. कवडूला आयुष्यात तेवढं एकच काम कधी जमलं नाही.

त्यानं गुड्डीकडं पाहिलं. सात हजार किलोमीटर दूर चाललेली पोरगी, घरचं एक भांडं मागत होती. आणि ते भांडं न मिळण्याचं कारण म्हणजे आपलं तोंड.

“गुड्डी,” तो म्हणाला. “छेचाळीस.”

“काय छेचाळीस?”

“वर्षं. गुंड छेचाळीस वर्षांचा हाये. घेऊन जाय तू.”

गुरुजी पुढं सरकले. शकुबाई तांदूळ पाखडायची थांबली.

मग कवडूनं सांगितलं. मांडवात सांगायचा तसं हातवारे करून नाही, जमिनीकडं पाहत. राघो गभण्यांचा गुंड खरंच होता. त्याचं बूड चेपलं म्हणून कवडूचा बाप मोतीराम यानं तो भंडाऱ्याच्या कासाराकडं ठोकायला पाठवला. परत आणायला कवडू गेला, सायकलनं. गुंड मागं कॅरिअरला सुतळीनं बांधलेला. श्रावण होता, वैनगंगा दुथडी भरलेली. कारध्याच्या जुन्या पुलावर समोरून एसटी आली. पूल अरुंद, सायकल कडेला घेतली, आणि एसटीच्या एका खिडकीकडं कवडूची मान वळली. खिडकीत कोण बसलं होतं हे त्यानं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. सुतळी सुटली. गुंड पुलाच्या कठड्यावर टणकन वाजला आणि गेला खाली.

“अन् मोतीरामबुवा?” गुरुजींनी विचारलं. मोतीरामबुवांचा राग त्यांना आठवत होता. बैलाच्या गळ्यातली घंटा हरवली म्हणून त्यांनी सख्ख्या भावाशी चार वर्षं अबोला धरला होता.

“त्याले सांगतलंच नाई ना. घरी आलो अन् मागं तनसीच्या ढिगाआड बसलो. जेवाले उठलो नाई. तवा हे आली.” कवडूनं मान न उचलता शकुबाईच्या दिशेनं हात केला. “लग्नाले सहा महिने नोयते झाले. आपल्या आंदनातला गुंड घेऊन आली. सानगडीहून तिच्या बापानं देल्ला होता. माप तेच, घडन तेच. म्हने, हा घ्या.”

“अन् त्याच्यावर नाव...” गुड्डी म्हणाली.

“होतं ना. खांद्यावर. ‘शकु, सानगडी’ अन् सन. भंडाऱ्याले नेऊन घासून टाकलं. गळ्यावर राघो गभणे घातलं. कोरनारा म्हने, साल का घालू? जुन्या गुंडावरचं मले कोठं आठवते? सतराशेनं चालू होत होतं एवढं ध्यानात होतं. मी म्हनलं, घाल चाळीस. आठ दिवस खताच्या गड्ड्यात पुरला. निघाला तवा माहा बापई फसला.”

मग गुरुजींनी घसा साफ केला. एवढी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न त्यांना आता विचारल्याशिवाय राहवेना.

“म्हनजे खांद्यावरची ते पेंढाऱ्याची तलवार?”

“कानस,” कवडू म्हणाला.

“अन् गोऱ्या पलटनीच्या गोळ्या?”

“वरवंटा,” शकुबाई म्हणाली. “माहा वरवंटा. नवा दिसू नाई म्हनून मीच ठोकला.”

गुरुजी हसले. आधी मिशीत, मग पोटातून, मग डोळे पुसत. कवडूनं ते सगळं खाली मान घालून सोसलं. त्याला वाटत होतं, आता हे सारं गावात जाणार, रिताच्या मांडवात पोहोचणार, आणि पुढची खुर्ची गेली ती गेलीच. पण गंमत म्हणजे त्याला भीती त्या खुर्चीची वाटत नव्हती. गुड्डी आत गेली होती आणि अजून बाहेर आली नव्हती. पाच पिढ्यांचा म्हणून मागितलेला गुंड छेचाळीस वर्षांचा निघाला. आता तो तिला कशाला हवा असेल?

गुड्डी बाहेर आली ती गुंड पोटाशी धरून. आजीसमोर बसली आणि खांद्यावरच्या त्या पातळ जागेवर बोटं फिरवत राहिली.

“इथं तुहं नाव होतं, आजी?”

“हो.”

“अन् तू एवढी वर्षं हे ऐकून राहिली? मांडवात बसून? बोलली काहून नाई?”

शकुबाईनं सुपातला एक खडा वेचला, अंगणात टाकला.

“बोलून का झालं असतं वो? माह्या बाबानं दुकानात अर्धा दिवस बसून गुंड निवडला होता. घरात ठेवला असता तं पानीच भरलं असतं त्यानं. आता गावातली एक पोरगी नाई, जिच्या हळदीले माह्या बाबाचा गुंड गेला नाई. नाव कोनाचंई असो. मी बायकाईत बसून मोजत जावो. तुह्या मायच्या हळदीलेई तोच होता.”

कवडूनं पहिल्यांदा मान वर केली. एवढ्या लग्नांत तो पुढच्या खुर्चीवर बसून आपल्या पूर्वजांचं कौतुक करत होता, आणि मागं बायकांत बसून ही आपल्या बापाचं लग्नाला येणं मोजत होती. त्याला एकदम लाज वाटली. खोटं बोलल्याची नव्हे, त्याची त्याला सवय होती. शेजारी बसलेलं माणूस आपल्याला कधी दिसलंच नाही, याची वाटली.

“मले हा पाहिजे,” गुड्डी म्हणाली. “आता तं पाहिजेच. खिडकीत ठेवीन अन् सांगीन, माह्या आजीचा हाये.”

तिनं लगेच मोबाइलवर अर्जाचा नमुना उघडला आणि वहीच्या कागदावर कच्चा मजकूर उतरवायला घेतला. वस्तू, पितळी गुंड. वय, छेचाळीस वर्षे. कोरलेला मजकूर नंतरचा, वस्तूच्या वयाशी संबंध नाही. हे वाक्य गुरुजींनी सांगितलं, आणि सांगताना परत हसले. कशी मिळाली, लग्नात वडिलांकडून. खाली मालकाचं नाव आणि सही.

कवडूनं सवयीनं हात पुढं केला. घरातल्या साऱ्या कागदांवर सही त्याचीच असे.

“आबाजी,” गुड्डी म्हणाली, “मालक तुम्ही नाई ना.”

कवडूचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो मागं घेतला आणि कागद शकुबाईपुढं सरकवला.

“कर सही,” तो म्हणाला.

शकुबाईनं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. “कायची सही? मले कोनी इचारलं का, द्यायचा हाये का नाई म्हनून? पोरीनं तुमाले मागतला. तुमी देल्ला. आता मालूम झालं माहा हाये, तं कर सही. तवाई तसंच. घासून आना, कोरून आना, तुमी ठरवलं. मी देल्ला होता तो तुमचा जीव वाचवाले. नाव घासाले नोयता देल्ला.”

इतकं लांब शकुबाई कधी बोलली नव्हती. गुरुजींनी नजर अंगणातल्या भाऱ्यांकडं वळवली. आपण आता इथं नसायला हवं होतं हे त्यांना कळलं, पण उठून जाण्याइतका चांगुलपणा त्यांच्या अंगी नव्हता.

कवडू बाजेवरून उठला. गुडघे धरत खाली जमिनीवर बसला, तिच्या सुपासमोर. ‘अवो’ आणि ‘ऐकलं का’ म्हणून त्यानं सारा संसार रेटला होता. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची अड्याळात रीत नाही. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“शकु,” तो म्हणाला. “तुह्या बाबानं देलेला, तुहा गुंड. आपल्या गुड्डीले देते का?”

शकुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

“मी छेचाळीस वर्षं थांबली,” ती म्हणाली. “तुमी हे सूपभर तांदूळ होयेपर्यंत थांबा.”

आणि तिनं खरंच थांबवलं. एकेक खडा सावकाश वेचला. सूप दोनदा पाखडलं, ज्याची काही गरज नव्हती. तिघंही गप्प बसून राहिले, कवडू सगळ्यात जास्त गप्प. तांदूळ झाले. ते डब्यात ओतून तिनं झाकण लावलं, हात लुगड्याला पुसले आणि एक हात गुड्डीपुढं पसरला.

“आन वो पेन,” ती म्हणाली. “पूर्न नाव लिवतो.”